हप्ता वेळेवर, भरपाई बारा वर्षांनी?

पावसाळ्याच्या तोंडावर निघालेले एक जहाज रत्नागिरीजवळ रुतले आणि त्याचा विमादावा बारा वर्षे न्यायदरबारी हिंदकळत राहिला. ‘सोहम शिपिंग’ विरुद्ध ‘न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये जहाजमालकाच्या बाजूने निकाल दिला. मात्र या निकालाने सागरी विम्याच्या व्यवहारातील जुने दुखणेही चव्हाट्यावर आणले आहे.

‘श्रीजॉय-२’ हे नवे जहाज मुंबईहून कोलकात्याला जायचे होते. विम्याची मुदत १६ मे ते १५ जून २०१३ अशी होती. मात्र पावसाळा लागण्यापूर्वीच प्रवास सुरू होऊन संपला पाहिजे, अशी विशेष अट पॉलिसीत होती. ६ जूनला जहाज दिघी बंदरातून निघाले आणि खराब हवामानात इंजिन निकामी होऊन रत्नागिरीजवळ रुतले. कंपनीने अटभंगाकडे बोट दाखवून दावा फेटाळला. राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही कंपनीचीच बाजू घेतली.

सागरी विमा कायदा, १९६३ नुसार विमेदाराने दिलेली हमी तंतोतंत पाळली गेली पाहिजे. तथापि, हमीभंगाचा मुद्दा कंपनी सोडून देऊ शकते, असेही तोच कायदा सांगतो. मार्ग आणि तारखा ठाऊक असताना कंपनीने हप्ता स्वीकारला. त्या मुदतीत पावसाळी हवामान टळणार नव्हते. मग अपघातानंतर त्याच अटीची ढाल कशी करता येईल? न्यायालयाने ती ढाल बाजूला सारली; पण रक्कम ठरविण्यासाठी प्रकरण पुन्हा आयोगाकडे गेले.

सागरी विमा हा केवळ बंदरातील जहाजमालकांचा विषय नव्हे. जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रातून औद्योगिक वसाहतींना पाणी मिळते. अंबरनाथ-बदलापूर परिसरातील कारखान्यांचा निर्यातीचा माल न्हावा-शेव्याकडे रस्त्याने जातो. गोदाम ते गोदाम संरक्षण घेतल्यास हा टप्पाही सागरी पॉलिसीत येतो. अशा वेळी लहान उद्योजकाने केवळ हप्त्याचा आकडा पाहून सही करणे धोक्याचे ठरते.

अर्थात, प्रत्येक नकार अन्याय्य नसतो. निव्वळ विलंबामुळे झालेले नुकसान, पॉलिसीत वेगळी तरतूद नसल्यास, भरून मिळत नाही. व्यवहार ‘एफओबी’ पद्धतीचा असल्याने विमा कंपनीला जबाबदार धरता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका निर्यातदाराच्या प्रकरणात दिला होता. म्हणजे विमा कुणाच्या नावे आणि माल कोणत्या क्षणापर्यंत कुणाचा, हे आधीच स्पष्ट हवे.

ग्राहकाने दोन वर्षांत तक्रार केली पाहिजे, हे बंधन कसोशीने पाळून घेतले जाते. तक्रार तीन महिन्यांत, चाचणी लागल्यास पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, ही कायद्यातील अपेक्षा मात्र कागदावर राहते. बड्या कंपनीला बारा वर्षे थांबणे परवडेल. एका मालावर वर्षाची उलाढाल पणाला लावणाऱ्या कारखानदाराला ते परवडणारे नाही. अटींची छाननी हप्ता घेताना व्हावी, दावा आल्यावर नव्हे, हाच या निकालाचा खरा धडा आहे.