निवडीचा कस केव्हा लागतो?

जबलपूरच्या बडा फुहाऱ्याला लागूनच सराफा बाजार आहे. तिथे जुना दागिना मोडायला नेला, तर सराफ आधी तो कसोटीच्या दगडावर घासतो, मग तोलतो आणि त्यानंतरच भाव सांगतो. फुटबॉलच्या बाजारात मात्र उलटी रीत आहे. तिथे भाव आधी जाहीर होतो आणि कस लागायला चार-पाच वर्षे जातात. तरीही निवड झाली त्याच संध्याकाळी कोणत्या संघाने बाजी मारली आणि कोण फसला, याचे निकाल लागून मोकळे होतात! फुहाऱ्यापाशी चाट खाताना रंगणाऱ्या गप्पांत ते चालून जाते. पण जाणकार म्हणवणारेही तेच करतात, तेव्हा गंमत वाटते.

इंडियन सुपर लीगमधला 23 जुलै 2017 चा ड्राफ्ट पाहू. तो मुंबईत झाला. ड्राफ्ट म्हणजे लिलाव नव्हे. इथे प्रत्येक खेळाडूचे मानधन आधीच ठरलेले असते, बोली वाढत नाही. संघ आपापली पाळी आली की यादीतले एक नाव उचलतात. ज्याने जुने खेळाडू कमी राखले, त्याला पाळी लवकर मिळते. त्या दिवशी यादीत 205 भारतीय खेळाडू होते आणि निवडणारे संघ दहा.

त्या वर्षी आणखी एक बदल झाला होता. मैदानावर एका वेळी पाचच परदेशी खेळाडू उतरवता येतील, असा नियम आला. म्हणजे अकरांपैकी सहा भारतीय हवेतच. परदेशी पाहुणे बहुधा आक्रमणात आणि मधल्या फळीत खपतात. भारतीयांच्या वाट्याला येतात त्या गोलरक्षकाच्या, बचावातल्या डाव्या-उजव्या बगलेच्या आणि विंगच्या जागा. तेव्हा शहाण्या संघाने आधी काय पाहायला हवे होते? या जागा कोण भरणार, हेच ना?

पण सगळ्यांच्या नजरा होत्या त्या दोन महागड्या नावांवर. अनस एडाथोडिका आणि युजीनसन लिंगडोह, प्रत्येकी 1 कोटी 10 लाख रुपये. अनस म्हणजे मलप्पुरमचा, कधीकाळी रिक्षा चालवलेला बचावपटू. तो घडला मात्र महाराष्ट्रात: आधी मुंबई एफसीत आणि मग पुणे एफसीत. 2015 च्या लिलावात दिल्लीने त्याला 41 लाखांना घेतले होते. दोन वर्षांत किंमत अडीच पटीच्या वर गेली. जमशेदपूरने पहिल्याच पाळीत त्याला उचलले आणि लिंगडोहला कोलकात्याने घेतले. पुढे काय झाले? अनस दुखापतींमुळे बऱ्याच सामन्यांना मुकला आणि वर्षभरात केरळच्या संघात गेला. लिंगडोहचा हंगामही दुखापतीनेच खाल्ला. कोलकाता दहा संघांत नवव्या क्रमांकावर राहिले.

यात निवडणाऱ्यांची चूक होती, असे मी म्हणणार नाही. गुडघा केव्हा दगा देईल हे कोणाला सांगता येते? दोघेही त्या वेळी त्या मानधनाच्या लायकीचेच होते. मुद्दा एवढाच, की पहिल्या पाळीतली निवड ही सर्वांत चांगली निवड असते, हा समज काढून टाकावा. मोठे नाव घेतले म्हणून संघ वर चढतो, असेही नाही. 2015 मध्ये मुंबई सिटीने सुनील छेत्रीला 1 कोटी 20 लाखांना घेतले. त्याने पैसे फेडले, सात गोल केले, त्यात हॅट्‌ट्रिकही. तरी मुंबई आठांत सहावीच!

आता राहुल भेके या मुंबईच्या मुलाकडे या. उजव्या बगलेला खेळेल, गरज पडली तर मध्यभागी बचाव करील, असा दोन जागांचा माणूस. 2016 मध्ये तो पुणे सिटीकडून खेळला होता. म्हणजे पुण्याने त्याला घरात पाहिलेला आणि मुंबईला तर तो अंगणातलाच. 2017 च्या ड्राफ्टमध्ये या दोघांनीही त्याच्यासाठी घाई केली नाही. घेतला तो बंगळुरूने. डाव्या बगलेचा शुभाशीष बोसही त्यांनी त्याच ड्राफ्टमध्ये उचलला. दोन बाजू, दोन भारतीय, प्रश्न मिटला! कोणी टाळ्या वाजवल्या नसतील, पण त्या हंगामात साखळीत बंगळुरू पहिले आणि मुंबई सातवी होती. बोस पुढे मोहन बागानचा कर्णधार झाला.

17 मार्च 2019 रोजी अंतिम सामना अंधेरीच्या मैदानावर होता, बंगळुरू विरुद्ध गोवा. नव्वद मिनिटांत गोल नाही, जादा वेळही सरत आलेला. 117 व्या मिनिटाला कॉर्नर आला आणि भेकेच्या डोक्याला लागून चेंडू जाळ्यात. मुंबईच्या मुलाने मुंबईतच करंडक मिळवून दिला, पण तो बंगळुरूला! मुंबई सिटीने त्याला 2021 मध्ये आपल्याकडे आणले. एप्रिल 2022 मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला त्यांनी 2-1 ने हरवले, त्यातला एक गोल भेकेचा. त्या स्पर्धेतला भारतीय क्लबचा तो पहिला विजय. जी वस्तू चार वर्षे आधी हाताशी होती, ती वळसा घालून घरी आली म्हणायची.

पुण्यालाही अगदीच नावे ठेवता येणार नाहीत. त्याच ड्राफ्टमध्ये त्यांनी गोव्याच्या आदिल खानला घेतले. तोवर राष्ट्रीय संघाच्या विचारात तो उरला नव्हता. कोणत्याच वर्तमानपत्राने त्याचे नाव मथळ्यात घातले असेल, असे वाटत नाही. पण पुण्यात तो असा खेळला, की राष्ट्रीय संघाचे दार पुन्हा उघडले. पुण्याने त्या हंगामात पहिल्यांदाच उपांत्य फेरी गाठली. माझ्या मते त्या दिवशीची सर्वांत हुशार निवड कोणती, असे विचारले तर मी आदिलचेच नाव घेईन, भेकेचेही नाही. भेकेची गरज दिसत होती. आदिलमध्ये अजून दम आहे हे ओळखावे लागले.

आणि ज्यांना कोणीच ओळखले नाही त्यांचे काय? यादीतली साधारण एक-तृतीयांश नावे त्या दिवशी कोणत्याच संघाने उचलली नाहीत. पंचविशी-तिशीतली मुले, शिक्षण अर्ध्यावर सोडलेले, घरी कोणाची बहीण लग्नाची, कोणाचे वडील निवृत्तीला आलेले. त्यांच्यासाठी तो दिवस म्हणजे दहावीच्या निकालासारखा, फक्त पुढल्या वर्षी परीक्षा होणार की नाही याची खात्री नसलेला. झालेही तसेच. 2017 नंतर असा ड्राफ्ट पुन्हा झाला नाही, संघ थेट करार करू लागले. मूल फुटबॉलमध्ये घालायचे म्हणणाऱ्या पालकांनी एक कोटीचे आकडे पाहण्याआधी हा हिशेब पाहावा. मुलाला एका जागेऐवजी दोन जागी खेळता येते का, हेही प्रशिक्षकाला आवर्जून विचारावे.

10 सप्टेंबर 2019 रोजी दोह्यात भारताने आशियाई विजेत्या कतारला 0-0 असे रोखले. बचावाच्या मध्यभागी आदिल खान आणि संदेश झिंगन होते. झिंगन 2014 च्या पहिल्या ड्राफ्टमधला, केरळने निवडलेला. पुढच्याच महिन्यात कोलकात्यात बांगलादेशविरुद्ध भारत हरत असताना 88 व्या मिनिटाला आदिलने डोक्याने बरोबरीचा गोल केला. पुण्यात कोणी त्याचे श्रेय घ्यायला पुढे आले नाही. येणार तरी कोण? पुणे सिटी क्लब त्याच वर्षी बंद झाला होता आणि आदिल हैदराबादच्या नव्या संघात दाखल झाला होता.