सी, रस्ट आणि क्रमवारीचा मोह

प्रोग्रामिंग भाषांची लोकप्रियता मोजणाऱ्या टिओबे निर्देशांकात ऑक्टोबर २०२१मध्ये पायथॉन प्रथमच पहिल्या क्रमांकावर पोहोचली आणि सी खाली गेली. हा निर्देशांक मुख्यतः शोधयंत्रांवर भाषेच्या नावाने किती निकाल मिळतात यावर बेतलेला असतो. त्या भाषेतला किती कोड रोज चालतो, हे त्यातून कळत नाही. कोबोल अशा याद्यांत कधीच मागे पडली, तरी अनेक बँकांचे व्यवहार आजही तिच्यावर चालतात. म्हणून नव्या प्रकल्पाची भाषा क्रमवारी पाहून ठरवणे चुकीचेच. भाषा कोणत्या चुका होऊ देते आणि कोणत्या रोखते, हे आधी पाहायला हवे.

सी आणि रस्ट या भाषांमधला वाद नेमका इथेच आहे. डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये घडवलेली सी प्रोग्रामरवर पूर्ण भिस्त ठेवते. तिच्या गेट्स या फंक्शनला बफर केवढा आहे हे सांगण्याची सोयच नव्हती. नोव्हेंबर १९८८मध्ये इंटरनेटवर आपोआप पसरणाऱ्या मॉरिस वर्म या प्रोग्रामने, गेट्स वापरणाऱ्या फिंगर सर्व्हरच्या ५१२ बाइटच्या बफरमध्ये ५३६ बाइट घातले. जादा बाइट स्टॅकवरच्या परतीच्या पत्त्यावर जाऊन बसले आणि व्हॅक्स यंत्रे वर्मच्या ताब्यात गेली. एवढे होऊनही गेट्स प्रमाणित सीमधून हटायला २०११ साल उजाडले. हा विलंब अक्षम्य आहे.

रस्टची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ची. प्रत्येक मूल्याचा मालक एकच, आणि उसना घेतलेला संदर्भ मूल्यापेक्षा जास्त काळ टिकता कामा नये, हे तिचा कंपायलरच तपासतो. चालू प्रोग्रामने ॲरेची हद्द ओलांडली तर तो तिथेच थांबतो. अर्थात, हे फुकट मिळत नाही. नवख्याचा सुरुवातीचा बराच वेळ कंपायलरशी झटापट करण्यात जातो, बिल्ड रेंगाळतात, आणि अनसेफ ब्लॉकमध्ये जबाबदारी पुन्हा माणसावर येते. तरीही सौदा फायद्याचा आहे.

अँड्रॉइडमधल्या सुरक्षा-त्रुटींत मेमरीशी निगडित त्रुटींचा वाटा २०१९मध्ये ७६ टक्के होता, तो २०२४मध्ये २४ टक्क्यांवर आला. जुना कोड सरसकट पुन्हा लिहावा लागला नाही. नवा कोड रस्टसारख्या सुरक्षित भाषांत लिहिला गेला आणि जुन्यातल्या चुका काळाबरोबर निस्तरत गेल्या. लिनक्स कर्नलनेही डिसेंबर २०२२मधल्या ६.१ आवृत्तीत रस्टला प्रवेश दिला, तोही जुन्या सीला धक्का न लावता.

ज्या मायक्रोकंट्रोलरसाठी उत्पादक फक्त सीचा कंपायलर देतो, तिथे सीच वापरावी. मात्र बफरचे माप प्रत्येक फंक्शनला द्यावे आणि कंपायलरचे इशारे बंद करू नयेत. नेटवर्कवरून येणारा डेटा वाचणारे नवे मॉड्यूल रस्टमध्ये लिहिता येत असेल, तर ते सीमध्ये लिहू नये.