ऊब ओळखणारा जंतू

सप्टेंबर १८९६. मांडवीतील रोग्यांना तपासणाऱ्या डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी मुंबईत गाठीचा प्लेग शिरल्याचे ओळखले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. कच्छ-काठेवाडातून आलेल्या कितीतरी व्यापारी घराण्यांच्या पेढ्या याच परिसरात होत्या. आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर येथे स्थिरावलेल्या आपल्यापैकी अनेकांनी त्या साथीच्या गोष्टी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या असतील.

त्या हिवाळ्यात लोकांनी घरे आणि दुकाने बंद करून शहर सोडले. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मी मुंबई रिकामी झाली. उन्हाळा चढू लागला तशी साथ ओसरली, लोक परतले, पेढ्यांवर पुन्हा दिवे लागले. संकट टळले असे वाटत असतानाच पुढच्या थंडीत प्लेग परत आला. पुढे कित्येक वर्षे हाच क्रम चालला. थंड महिन्यांत मृत्यू वाढत आणि कडक उन्हाळ्यात उतरत. असे का व्हावे? या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग त्या जंतूच्या एका विलक्षण गुणात आहे. आपण कोठे आहोत हे तो उबेवरून ओळखतो.

प्लेगच्या जंतूची दोन बिऱ्हाडे असतात. एक उंदराच्या पिसवेत, दुसरे उंदराच्या किंवा माणसाच्या शरीरात. पिसवेचे शरीर भोवतालच्या हवेइतकेच गार वा उबदार असते, तर आपले शरीर बाराही महिने ३७ अंशांच्या आसपास. पिसवेच्या पोटात, हवा गार असताना, जंतू चिकट पदार्थ तयार करून परस्परांना धरून राहतात. त्यांचा गोळा पिसवेच्या अन्नमार्गात बुचासारखा बसतो. रक्त पोटात उतरत नाही, म्हणून भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि दर चाव्यात जंतू जखमेत ओकते. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये बॅकॉट आणि मार्टिन यांनी १९१४ मध्ये हा प्रकार दाखवून दिला. पुढील संशोधनात असे आढळले की हवा २८ अंशांच्या वर गेली की हे बूच नीटसे बसत नाही. मुंबईचा जानेवारी त्या रेषेच्या खाली असतो आणि मे महिना वर. साथीच्या चढउताराला उंदरांची संख्या, पिसवांचे आयुष्य अशी इतरही कारणे होती. तथापि हे कारण त्यांतले महत्त्वाचे.

पिसू चावली आणि जंतू माणसाच्या उबदार शरीरात आला की त्याचा सारा व्यवहार पालटतो. चिकट पदार्थ करणारी सामग्री मोडीत निघते. पहिल्या काही तासांत आपल्या रक्तातील रक्षक पेशी यांतले पुष्कळसे जंतू गिळून टाकतात. जे वाचतात ते मात्र तोवर सज्ज होतात. अंगावर एक आवरण चढते, ज्यामुळे त्यांना गिळणे कठीण जाते. रक्षक पेशींना सुईप्रमाणे टोचून त्यांत विषारी प्रथिने सोडणारे यंत्रही उभे राहते. हे आवरण ३७ अंशांवर वाढवलेल्या जंतूंवर चढते आणि थंडाव्यात वाढवलेल्यांवर फारसे चढत नाही, हे शुट्झ यांनी १९३२ मध्येच नोंदवले होते.

व्यापाऱ्याला ही रीत परकी वाटू नये. वखारीत माल तोच असतो, हंगाम पाहून कोणता पुढे मांडायचा आणि कोणता बंद ठेवायचा ते ठरते. जंतूच्या जनुकांचेही तसेच. रोग घडवणारी जनुके त्याच्याजवळ सदैव असतात, पण सगळी सर्वकाळ चालू ठेवली तर शक्ती व्यर्थ खर्च होते.

मग एवढ्याशा जीवाला ऊब कळते कशी? जनुकावरील हुकूम आर.एन.ए. नावाच्या धाग्यावर उतरवला जातो. त्या हुकमाप्रमाणे प्रथिन तयार होते. प्लेगच्या जंतूत एक विशिष्ट धागा थंडाव्यात स्वतःवरच दुमडून राहतो, त्यामुळे त्यावरचा हुकूम वाचता येत नाही. ३७ अंशांच्या उबेत ती घडी सैल होते, हुकूम वाचला जातो आणि जे प्रथिन बनते ते शस्त्रांच्या इतर जनुकांना जागे करते. लिस्टेरिया नावाच्या दुसऱ्या एका जंतूतही अशीच घडी असल्याचे पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले. हा जंतू फ्रिजमध्येही हळूहळू वाढतो आणि गर्भवतींना त्याचा विशेष धोका असतो. फ्रिज जंतूला मारत नाही, हे गृहिणींनी ध्यानात ठेवावे.

या ज्ञानाचा उपयोग काय, हे १९९४ ने दाखवले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रोगी आढळले आणि सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने हाहाकार उडवला. हिरे आणि कापडाच्या व्यवसायातील कुटुंबे रातोरात गाव सोडून निघाली, हे अनेकांना आठवत असेल. फुप्फुसाचा प्लेग अधिक भयंकर ठरण्याचे एक कारण उबेतच आहे. पिसवेतून आलेल्या जंतूला सज्ज व्हायला काही तास लागतात. खोकल्यातून येणारा जंतू मात्र दुसऱ्या माणसाच्या ३७ अंशांतून आलेला, म्हणजे आधीच सज्ज असतो. गाठीच्या प्लेगची लक्षणे साधारणतः दोन ते आठ दिवसांत दिसतात, फुप्फुसाच्या प्लेगची एक ते चार दिवसांत. जंतुनाशक औषधांनी हा रोग बरा होतो, पण फुप्फुसाच्या प्लेगमध्ये ती पहिल्या दिवसातच सुरू व्हावी लागतात. म्हणून अशा वेळी घरगुती काढ्यात एक दिवस घालवणे जिवावर बेतू शकते.

१८९६ च्या काळात घरे धुतली गेली, सामान जाळले गेले, पण उंदीर आणि पिसू यांचा दोष उशिरा उमगला. पुढे उंदीर मारण्याच्या मोहिमा निघाल्या. जीवदया पाळणाऱ्या घरांना त्या जड गेल्या असणार. आज ठाऊक आहे की आधी पिसवांचा बंदोबस्त न करता उंदीर मारले तर मेलेल्या उंदराच्या पिसवा माणसाकडे वळतात. सर्वांत उत्तम मार्ग म्हणजे उंदीर येऊच न देणे. पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर रचावीत. सांडलेले धान्य त्याच दिवशी उचलावे. गटाराची आणि दाराखालची फट बुजवावी. गोदामात एकाएकी मेलेले उंदीर दिसू लागले तर हात न लावता महापालिकेला कळवावे.

जंतू दिसत नाही आणि साथही नाही, असे कित्येक महिने जातात. मांडवीतील माणसे अशाच महिन्यांत निर्धास्त झाली होती. त्यांना उबेचे हे गणित ठाऊक नव्हते. आपल्याला आहे, म्हणून गोदामाची झाडलोट शांत महिन्यांतही चालू राहावी.