उपयोग काय त्याचा?

‘एवढे दिवस घालवलेस, पण उपयोग काय त्याचा?’ हा प्रश्न आपल्यापैकी किती जणींनी ऐकला असेल! स्वेटर विणला तर तो कुणीतरी घालतं, मण्यांचं तोरण केलं तर दाराला लागतं. म्हणजे बाईने छंद जरूर जोपासावा, फक्त तो घराच्या उपयोगी पडला पाहिजे. या नियमात अजिबात न बसणारी एक बाई मला फार आवडते.

इंग्लंडच्या चेरी हिल. जन्म १९३१ चा. वडिलांचा शेतीच्या यंत्रांचा व्यवसाय, त्यामुळे लोखंडाची ओळख लहानपणापासूनची. १९व्या शतकात तिकडे शेतावर वाफेची इंजिनं असत. आपल्या कुकरमध्ये वाफ शिट्टी उचलते ना, तशीच बॉयलरमधली वाफ दट्ट्या ढकलते आणि चाक फिरतं. ही इंजिनं मळणीयंत्र चालवत, नांगर ओढत. पुढे ट्रॅक्टर आले आणि त्यांचे दिवस संपले. बरीचशी भंगारात गेली. चेरीबाईंनी अशा विस्मरणात गेलेल्या इंजिनांच्या छोट्या प्रतिकृती घडवल्या. मूळ मापाच्या सोळाव्या हिश्श्यात, आणि नुसत्या शोभेच्या नव्हे, चालणाऱ्या!

सोळावा हिस्सा म्हणजे काय, बघा. दोन मीटर उंचीचं चाक साडेबारा सेंटीमीटरचं होतं, आपल्या पुरीएवढं. १६ मिलिमीटरचा बोल्ट होतो एक मिलिमीटरचा. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही घटतात, म्हणून बॉयलरमध्ये ४०० लिटर पाणी मावत असेल तर इथे जेमतेम कपभर चहाएवढं! त्यातही नट, बोल्ट, साखळीची कडी सगळं स्वतः करायचं. तयार नकाशे नसत, तेव्हा जुनी पेटंटची कागदं आणि चित्रं धुंडाळून आधी स्वतः नकाशे काढायचे. एकेका प्रतिकृतीला हजारो तास लागत. त्यांना अनेक सुवर्णपदकं मिळाली, २००० साली एमबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला. आपल्या प्रतिकृती त्यांनी लंडनच्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेला दिल्या.

आता तुम्ही म्हणाल, तिकडे ठीक आहे हो, आपल्याकडे लेथ कुठून आणायचं आणि रिकामा वेळ तरी कुठे आहे? बरोबर आहे. पैसा लागतो, जागा लागते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मला वाटतं, अडतं ते फक्त तिथे नाही. पारावर तासन्‌तास पत्ते कुटणाऱ्या पुरुषांना कुणी ‘उपयोग काय’ असं विचारतं का? तो त्यांचा विरंगुळा. आपण मात्र तासभर स्वतःसाठी काही करत बसलो की हिशेब द्यायचा. आणि खरं सांगू? हा हिशेब बहुतेक वेळा आपणच एकमेकींकडे मागतो!

दुसरी गंमत म्हणजे, ‘बारीक काम करावं ते बायकांनीच’ असं आपण कौतुकाने म्हणतो. काशिदा, ठिपक्यांची रांगोळी, गव्हल्या. मग तोच हात, तीच नजर, तोच धीर लोखंडावर चालवला की ते ‘पुरुषी काम’ कसं होतं? सुई चालते आणि कानस चालत नाही, हे कुणी ठरवलं?

म्हणून सगळ्यांनी वाफेची इंजिनं करावीत असं मी म्हणत नाही. पण घरातली लेक बंद पडलेलं घड्याळ उघडून बसली, तर ‘पसारा आवर आधी’ म्हणण्याऐवजी तिला एक डबी द्या, सुटे स्क्रू ठेवायला. घड्याळ दुरुस्त होईल किंवा होणारही नाही. आणि तुमचं स्वतःचं काही अर्धवट राहिलेलं माळ्यावर पडलं असेल, तर तेही खाली काढा. कुणी उपयोग विचारलाच तर सांगा, ‘मला आवडतं.’ एवढं उत्तर पुरे आहे.