तटबंदी संगणकाची आणि माणसांची

जेमतेम तेरा-चौदा लाख वस्तीचा एस्टोनिया रशियाच्या सीमेला लागून आहे. १९९१ पर्यंत तो सोव्हिएत संघात होता. एप्रिल २००७ मध्ये तेथील सरकारने राजधानी टॅलिनमधील सोव्हिएत सैनिकाचा ब्राँझचा पुतळा लष्करी दफनभूमीत हलविला. रशियन भाषकांत संताप उसळला, दंगल झाली. पाठोपाठ सुमारे तीन आठवडे सरकारी खाती, बँका व वृत्तपत्रे यांच्या संकेतस्थळांवर असा मारा झाला की ती वारंवार ठप्प झाली. रशियन सरकारने हात झटकले.

या धड्यातून एस्टोनियाने जे उभे केले ते कौतुकास्पद आहे. २००८ मध्ये नाटोचे सायबर संरक्षण केंद्र टॅलिनला आले. स्वयंसेवी संरक्षण दलात संगणक जाणकारांचे पथक निघाले. एरवी आपापली नोकरी करणारी ही माणसे संकटात देशाच्या हाकेला धावतात. महत्त्वाच्या सरकारी नोंदींची प्रत लक्झेंबर्गमध्ये ठेवण्याचा करार २०१७ मध्ये झाला. त्या जागेला वकिलातीसारखे संरक्षण आहे. त्याच वर्षी लाखो ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष आढळला, तेव्हा सरकारने तो न दडवता जनतेला सांगितला. ऑगस्ट २०२२ मध्ये नार्व्हा येथील सोव्हिएत रणगाडा हलविल्यावर पुन्हा मोठा हल्ला झाला, पण बहुतेक सेवा सुरळीत चालल्या.

तरीही आम्हांस एक प्रश्न पडतो. या देशातील सुमारे एक चतुर्थांश लोक रशियन भाषक आहेत. शेजारी राष्ट्र त्यांच्याच नाराजीवर डोळा ठेवून असते. ही फट कोणत्या यंत्राने बुजणार? २०१५ मध्ये सरकारने रशियन भाषेतील दूरचित्रवाणी वाहिनी सुरू केली, म्हणजे आपल्याच नागरिकांशी त्यांच्या भाषेत बोलण्याचे शहाणपण दाखविले. मात्र २०२४ पासून शाळांतील रशियन माध्यम टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. राज्यभाषा सर्वांना यावी, हा सरकारचा आग्रह गैर नाही. पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात राहिलेल्या आपल्या घरांनीही तेथील भाषा शिकून घेतलीच. पण दुसरी भाषा शिकणे वेगळे आणि आपली शाळा गमावणे वेगळे, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. एस्टोनियाच्या मागे सोव्हिएत काळाच्या जखमा आहेत, हे मान्य. तरीही भाषेवरून माणसाच्या निष्ठेची परीक्षा घेऊ लागले की जो आपला होता तोही दुरावतो.

आमचे मत स्पष्ट आहे. लहान राष्ट्राची खरी ताकद नागरिकांच्या विश्वासात असते. दोष लपवायचा नाही, हे एस्टोनियाने जगाला शिकविले. अल्पसंख्य भाषकाला संशयिताच्या रांगेत उभे करायचे नाही, हा धडा मात्र त्याने अजून पुरता गिरवायचा आहे. आणि तो एकट्या एस्टोनियाने गिरवायचा आहे, असे थोडेच आहे?