नकाशावरचे तांबडे ठिपके

शहराचा नकाशा संगणकात भरावा, प्रत्येक गुन्ह्याचा त्यावर तांबडा ठिपका उमटवावा आणि जेथे ठिपक्यांची दाटी होईल तेथे पोलीस धाडावेत, ही कल्पना ऐकणाऱ्याला निर्दोष वाटते. यंत्राला जात नाही, धर्म नाही, वर्ग नाही, असे तिचे पुरस्कर्ते सांगतात. पोलिसांच्या कामी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याकरिता महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये ‘मार्वल’ नावाची कंपनी स्थापन केली, तेव्हापासून हे समर्थन आपल्याकडेही कानी पडू लागले आहे. म्हणून ही पद्धत ज्या शहराने नावारूपाला आणली, त्या न्यूयॉर्कचा अनुभव तपासून पाहणे अगत्याचे आहे.

१९९४ साली तेथील पोलीस आयुक्त विल्यम ब्रॅटन आणि त्यांचे सहकारी जॅक मेपल यांनी ‘कॉम्पस्टॅट’ ही व्यवस्था सुरू केली. मुख्यालयात नियमित बैठका भरत, समोर नकाशे मांडले जात आणि ठाण्याच्या प्रमुखाला आपल्या हद्दीतील आकड्यांचा जाब द्यावा लागे. पुढील काळात खून आणि चोऱ्या घटल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्याच वर्षांत ही व्यवस्था नसलेल्या अमेरिकन शहरांतही गुन्हे घटत होते. श्रेयाचा बराच भाग नकाशाने फुकट पटकावला.

आकडा हेच उद्दिष्ट ठरले की तो खरे सांगेनासा होतो, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवे नाही. आणीबाणीतील नसबंदीची उद्दिष्टे आणि त्यांपायी झालेली धरपकड ज्यांना आठवते, त्यांना तर नाहीच नाही. न्यूयॉर्कमध्येही तेच घडले. गंभीर तक्रार किरकोळ म्हणून नोंदवावी किंवा मुळीच नोंदवू नये, असा प्रघात पडला. एका शिपायाने ठाण्यातील संभाषणे गुप्तपणे ध्वनिमुद्रित केली होती, ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा हा प्रघात चव्हाट्यावर आला. दुसरीकडे, काम दाखविण्यासाठी रस्त्यावर माणसे अडवून झडत्या घेण्याचे सत्र वाढत गेले. २०११ या एकाच वर्षी ६,८५,००० हून अधिक वेळा लोकांना अडविण्यात आले. त्यांत काळ्या आणि लॅटिन वंशाच्या लोकांचा भरणा मोठा होता, आणि दहांपैकी जवळजवळ नऊ प्रसंगी अटकही झाली नाही, समन्सही निघाले नाही. २०१३ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने हा व्यवहार घटनाबाह्य ठरविला. २०१७ पर्यंत अडवणुकीची संख्या बारा हजारांच्या आत आली. मग गुन्हे उसळले काय? १९९० मध्ये ज्या शहरात २,२०० हून अधिक खून झाले होते, तेथे २०१७ मध्ये ३०० देखील झाले नाहीत.

नकाशावरचा ठिपका वस्तुतः गुन्ह्याचा नसतो, पोलिसांनी केलेल्या नोंदीचा असतो. क्रिस्तियन लम आणि विल्यम आयझॅक या संशोधकांनी २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराच्या अमली पदार्थविषयक नोंदी अशाच एका भाकीत करणाऱ्या संगणकसूत्रात घालून पाहिल्या. सूत्र पोलिसांना वारंवार गरीब आणि कृष्णवर्णीय वस्त्यांकडे पाठवू लागले. आरोग्य सर्वेक्षणांवरून काढलेल्या अंदाजानुसार मात्र अमली पदार्थांचे सेवन सर्व शहरभर पसरलेले होते. गस्त वाढली की नोंद वाढते, आणि नोंद वाढली की पुन्हा गस्त.

आपल्याकडे चित्र निराळे कसे असेल? दहा बाय दहाच्या खोलीत नवऱ्याने बायकोला मारले तर शेजारी धावतात, पोलिसांना दूरध्वनी जातो, ठिपका उमटतो. बंगल्याच्या भिंती जाड असतात. कामगाराच्या पगारातून कापलेला भविष्यनिर्वाह निधी मालकाने भरलाच नाही, तर कायद्याने तो फौजदारीपात्र न्यासभंग ठरतो. पण त्या चोरीपायी एखाद्या औद्योगिक वसाहतीत रात्रीची गस्त वाढविल्याचे कोणी ऐकले आहे?

आणि जुन्या वह्यांचे काय? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच पोलिसांच्या दप्तरात घातल्या. १९५२ मध्ये तो रद्द झाला, परंतु त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि संशय तेवढाच राहिला. चोरी कोठेही होवो, पोलिसांची गाडी पारध्यांच्या पालांकडे वळते, हे ग्रामीण महाराष्ट्रातील प्रत्येक कार्यकर्ता जाणतो. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होता कामा नये, असे सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालातही पोलिसांना बजावावे लागले. या वह्या संगणकात चढविताना कोणत्या नोंदी वगळल्या जाणार, त्या कोण वगळणार, आणि आपले किंवा आपल्या वस्तीचे नाव यादीत आहे की नाही हे नागरिकाला कसे कळणार, याचा खुलासा विधिमंडळात मागितला पाहिजे. कामगारांचा निधी बुडविणाऱ्या कारखान्यांचा नकाशाही शासनाने याच कंपनीकडून करून घ्यावा; तेवढे तांबडे ठिपके तिच्याजवळ खात्रीने शिल्लक असतील.