हृदय निर्दोष, तरीही टूडी एको?



रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या, पण जन्मतः हृदयदोष नसलेल्या बाळाचा टूडी एको कशाला, हा आपल्या एका पत्रलेखकाचा प्रश्न रास्त वाटतो. पण निर्दोष हृदयाला संसर्ग होत नाही, हे त्यामागचे गृहीतक चुकीचे आहे. एनआयसीयूत नाळेच्या शिरेतून घातलेल्या नळीचे टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात शिरले, तर तिथले नाजूक अस्तर खरचटते आणि रक्तातले स्टॅफिलोकोकस जिवाणू किंवा कँडिडा ही बुरशी नेमके तिथेच ठाण मांडतात.

अँटिबायोटिक चालूच आहे, मग एकोने काय साधणार? संसर्ग हृदयात पोचल्याचे दिसले, तर उपचारांचा कालावधी बदलतो, अनेकदा दोन आठवड्यांऐवजी चार ते सहा. सरसकट सगळ्यांचा एको करा, असे माझे म्हणणे नाही. पण औषध सुरू असूनही ब्लड कल्चर पुन्हा पॉझिटिव्ह आले, तर तो टाळू नये. स्टेथोस्कोपने मर्मर ऐकू आली नाही, एवढ्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

– एक वाचक